तेलाचा की कोरडा? गाडीचा एअर फिल्टर घेण्याआधी

(ऑडिओ भागाचं लिखित रूप. बोलताना अडखळलो ते काढलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

००:००

बसमध्ये उभे असाल, जिममध्ये असाल किंवा ऑफिसात एकच इयरफोन लावून कामाचं सोंग करत असाल, सगळ्यांचं स्वागत.

आजचा विषय एका व्हॉइस मेसेजमुळे निघाला. शिक्रापूरचा एक श्रोता आहे. त्याच्याकडे पेट्रोल हॅचबॅक आहे, चार वर्षं जुनी. रोज चाकणला कामाला जातो, जाऊन-येऊन पंचेचाळीस किलोमीटर. तो म्हणतो, "दादा, परफॉर्मन्स एअर फिल्टर टाकायचाय. साडेपाच हजार बाजूला काढलेत. तेलवाला घेऊ की ड्राय? पिकअप वाढेल ना? अ‍ॅव्हरेज पण वाढतं म्हणतात."

आता या प्रश्नाचं उत्तर मी दोन मिनिटांत देऊन मोकळा झालो असतो. तीन वर्षांपूर्वी दिलंही असतं, आणि छाती फुगवून दिलं असतं. पण मध्ये खंबाटकी घाट आला. ती गोष्ट सांगतोच, पण आधी हे यंत्र काय करतं ते बघू. नाहीतर गोष्ट नुसती रडगाण्यासारखी वाटेल.

०१:३०

इंजिन पेट्रोल पितं हे आपल्याला दिसतं, कारण त्याचे पैसे जातात. हवा फुकट आहे, म्हणून ती किती लागते याचा विचार कुणी करत नाही. पेट्रोल नीट जळायला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते. वजन सोडा, आकारात सांगतो. १ लिटर पेट्रोलला जवळपास ९,००० लिटर हवा. आपल्या श्रोत्याची गाडी समजा १५ चा अ‍ॅव्हरेज देते. म्हणजे त्याचं रोजचं पेट्रोल ३ लिटर, आणि हवा २७,००० लिटर. गच्चीवर हजार लिटरची पाण्याची टाकी असते ना, तशा सत्तावीस टाक्या भरून हवा. रोज. आणि ती कुठली हवा? चाकण–शिक्रापूर रस्त्यावरची! पुढे खडीचा डंपर, बाजूला कंटेनर, आणि साइडपट्टीवरून ओव्हरटेक करणारा एक टेम्पो, जो सगळ्या रस्त्याला पावडर लावत चाललाय.

त्या धुळीत माती असते, टायरचा चुरा असतो, काजळी असते, आणि असते बारीक वाळू. वाळू म्हणजे क्वार्ट्झ. कठीणपणाच्या मोहस मापावर क्वार्ट्झ ७ वर येतं. खिडकीची काच साडेपाचच्या आसपास. म्हणजे काचेवर ओरखडा काढणारी वस्तू आपण सिलिंडरच्या भिंतीपर्यंत पोचू द्यायची की नाही, एवढाच हा सगळा प्रश्न आहे. पिस्टनची रिंग आणि सिलिंडर यांच्यामध्ये तेलाचा थर असतो, तो काही मायक्रॉनचाच. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड. त्यामुळे मोठा खडा ही खरी भीती नाहीच, तो कुठलाही फिल्टर अडवतो. भीती आहे ती ५ ते २० मायक्रॉनच्या कणांची. डोळ्याला ते दिसत नाहीत आणि बरोबर त्या फटीत बसतात. टर्बो असेल तर त्याच्या पात्यांवर हे कण आधी आदळतात, कारण ती पाती मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेत असतात.

बरं, फिल्टर म्हणजे पिठाची चाळणी असं आपल्याला वाटतं. तसं नाहीये. चाळणीत भोकापेक्षा मोठं ते अडकतं. फिल्टरमध्ये तंतूंचं जंगल असतं. हवा वळणं घेत जाते, जड कणाला वळता येत नाही, तो तंतूवर आपटतो आणि चिकटतो. अगदी सूक्ष्म कण हवेत भरकटत भरकटत तंतूला जाऊन लागतात. म्हणून छिद्र मोठं असूनही बारीक कण अडतो. आणि इथेच एक उलटी वाटणारी गोष्ट आहे, ती आत्ताच लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. बहुतेक फिल्टर नवेकोरे असताना सगळ्यात कमी गाळतात. थोडी धूळ बसली की ती धूळच गाळायला लागते. मग हळूहळू श्वास कोंडतो, ते वेगळं.

०४:१०

कंपनीतून येतो तो घड्या घातलेला कागदी फिल्टर. तो तुम्ही पाहिलेला आहे. गाळण्यात उत्तम, किमतीत काही शे रुपये, मळला की फेकायचा. त्याची अडचण म्हणजे ओला झाला की बिघडतो, आणि आपल्याकडे त्याला मरू देत नाहीत. सर्व्हिसिंगला गाडी द्या, पोरगा फिल्टर काढतो, टायरला हवा भरायचा कॉम्प्रेसर घेतो आणि फाडफाड हवा मारतो. "साहेब, साफ करून बसवलाय, अजून पाच हजार किलोमीटर चालेल." त्या दाबाने कागदाच्या तंतूंमध्ये वाटा पडतात. दिसायला फिल्टर स्वच्छ, पण आता तो फिल्टर कमी आणि जाळी जास्त. माझं ऐकाल तर तीनशे-चारशे रुपयांसाठी हा खेळ करू नका.

आता तेलाचा. सुती कापडाचे, म्हणजे गॉजचे, काही थर अ‍ॅल्युमिनियमच्या जाळ्यांमध्ये दाबून घड्या घालतात आणि त्याला खास चिकट तेल लावतात. छिद्रं मोठी, म्हणून हवा सहज जाते. धूळ पकडायचं काम कापडापेक्षा तेल करतं. माशी चिकटते त्या कागदासारखं. कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड गावात केन जॉन्सन आणि नॉर्म मॅकडोनल्ड नावाच्या दोघांचं मोटरसायकलचं दुकान होतं. १९६० च्या दशकात त्यांनी असा फिल्टर बाजारात आणला. के अँड एन हे नाव त्या दोघांच्या आद्याक्षरांचं. वाळवंटातल्या शर्यतींच्या लोकांनी तो उचलला. का उचलला तेही कळण्यासारखं आहे. तो धुता येतो, पुन्हा वापरता येतो, आणि पुष्कळ धूळ खाऊनही लवकर कोंडत नाही.

पण यातलं एक कुणी सांगत नाही. शर्यतीच्या गाडीचं इंजिन ठरावीक शर्यतींनंतर खोलतातच. रिंगा बदलतात, सगळं मोजतात. त्यांना त्या दिवसापुरती ताकद हवी असते. तुमच्या गाडीला दीड लाख किलोमीटर न खोलता जायचंय, आणि ईएमआय अजून तीन वर्षं बाकी आहे. दोघांची गरज एक नाही.

तिसरा कोरडा. कृत्रिम तंतूंचं, बहुतेक पॉलिस्टरसारखं न विणलेलं कापड, घड्या घातलेलं. त्याला तेल नाही. तंतू बारीक आणि थर जाड ठेवून काम भागवतात. साधारणपणे हवा सोडण्यात तो कागद आणि तेलाच्या फिल्टरच्या मधे कुठेतरी बसतो. साफ करणं सोपं. आपटा, व्हॅक्यूम करा, काही फिल्टर सौम्य साबणाच्या पाण्याने धुता येतात, ते खोक्यावर लिहिलेलं असतं. कमीपणा असा की काजळी एकदा तंतूत आत शिरली की पूर्ण निघत नाही. शहरातल्या ट्रॅफिकमध्ये, बसच्या मागे रोज तासभर उभं राहणाऱ्या गाडीत तो हळूहळू काळा पडतो आणि मग धुऊनही पहिल्यासारखा होत नाही. 'आयुष्यभर एकच' वगैरे जाहिरातीत ऐकायला बरं वाटतं.

टक्केवारीबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जात नाही, कारण इथेच गंडवतात. खोक्यावर लिहितात, 'गाळण क्षमता ९७ टक्के'. आपल्याला शाळेची सवय, ९७ म्हणजे मेरिट! समजा, फिल्टरपर्यंत १०० ग्रॅम धूळ आली. ९७ टक्केवाल्यातून ३ ग्रॅम आत गेली. ९९.५ टक्केवाल्यातून अर्धा ग्रॅम. मार्कांत अडीचचा फरक, इंजिनात सहापट धूळ. तेव्हा किती अडवलं ते वाचू नका, किती गेलं ते काढा. आणि दुसरं, चाचणी कुठल्या धुळीने केली? या चाचणीसाठी आयएसओ ५०११ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात ठरवून बनवलेली धूळ वापरतात. तिला पूर्वी अ‍ॅरिझोना धूळ म्हणायचे, आणि ती बारीक आणि जाड अशा दोन्ही प्रकारांत मिळते. जाड धुळीवर कुणाचेही मार्क चांगले येतात. खोक्यावर नुसती टक्केवारी असेल आणि धूळ बारीक की जाड ते नसेल, तर मी तो आकडा वाचल्यासारखा करून पुढे जातो.

०७:५०

आता पिकअप. सगळ्यांचा जीव इथेच अडकलेला असतो.

पेट्रोल गाडीत हवेच्या वाटेवर एक झडप असते, थ्रॉटल. तुम्ही पाय थोडासा दाबलेला असतो तेव्हा ती झडप स्वतःच हवा अडवत असते, मुद्दाम. नळ अर्धा बंद असताना पाइप रुंद करून पाणी वाढत नाही, तसंच हे. शहरात आपण नव्वद टक्के वेळ असेच चालवतो. म्हणजे फिल्टरचा फरक पडलाच तर पाय पूर्ण दाबल्यावर, वरच्या आरपीएमला.

तो फरक किती? हिशोब करू. समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण १,०१३ मिलीबार. समजा, स्वच्छ कागदी फिल्टरने पूर्ण वेगात १० मिलीबार खाल्ले आणि भारी फिल्टरने ५. तुम्ही वाचवले ५ मिलीबार, म्हणजे अर्धा टक्का. आता हे बघा. मुंबईहून पुण्याला आलात की तुम्ही सुमारे ५६० मीटर वर चढता. तिथे हवेचा दाबच ६ टक्क्यांच्या आसपास कमी असतो. महाबळेश्वरला गेलात, साडेतेराशे मीटर, तर जवळपास १५ टक्के कमी. दादर सोडून कोथरूडला राहायला आलात तेव्हा गाडीची एवढी ताकद गेली आणि तुम्हाला पत्ता लागला नाही. मग अर्धा टक्का परत आलेला कुठे कळणार? टर्बो गाडी उंचीवरचा तोटा बऱ्यापैकी भरून काढते, ही गोष्ट वेगळी.

"पण मला खरंच फरक जाणवला!" असं म्हणणारे आहेत. दोन कारणं असतात. एक, जुना फिल्टर कोंडलेला होता, त्या जागी नवा कागदी टाकला असता तरी तेवढाच फरक पडला असता. दुसरं कारण आवाज. हवा ओढण्याचा घोगरा आवाज वाढतो आणि कानाला वाटतं गाडी पळतेय. आवाजाची मजा मला मान्य आहे, ती घ्यायची तर घ्या, पण तिला हॉर्सपॉवर म्हणू नका. आणि मूळ डबा काढून उघडा कोन फिल्टर बसवणाऱ्यांनी एक ऐकावं. बॉनेटखाली बाहेरच्यापेक्षा तीसेक अंश गरम हवा असेल तर ती जवळजवळ ९ टक्के विरळ असते. म्हणजे अर्धा टक्का कमवायला नऊ टक्के घालवले. हा धंदा आमच्या गल्लीतला पानवालाही करणार नाही.

अ‍ॅव्हरेजचं एका वाक्यात सांगून टाकतो. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. फ्युएल इंजेक्शनच्या आधुनिक पेट्रोल गाड्यांमध्ये फिल्टर कोंडला तरी इंधनाच्या खर्चात म्हणण्यासारखा फरक पडला नाही, वेग पकडण्यात मात्र पडला. कारण हवा कमी आली की कॉम्प्युटर पेट्रोलही कमी सोडतो. कार्ब्युरेटरच्या गाड्यांची गोष्ट वेगळी होती, आणि 'फिल्टर साफ ठेवा, अ‍ॅव्हरेज वाढेल' हा काकांचा सल्ला त्या काळातून आलाय. काका तेव्हा बरोबर होते.

१०:४०

हां, आता खंबाटकी.

माझा मामेभाऊ, आम्ही सगळे त्याला आप्पा म्हणतो, रांजणगावला एमआयडीसीत आहे. त्याची जुनी डिझेल हॅचबॅक. त्या गाडीवर त्याचा इतका जीव की पावसात स्वतः भिजेल पण काच खाली करणार नाही. मी तेव्हा नुकताच या सगळ्या व्हिडिओंच्या नादाला लागलेलो. त्याच्या वाढदिवसाला मी त्याला तेलाचा परफॉर्मन्स फिल्टर दिला. स्वतः बसवून दिला. वर्षभर गाडी मस्त चालली. आप्पा सगळ्यांना सांगत फिरायचा, "भावानं दिलाय."

मग वर्षाने धुवायची वेळ आली. सकाळी त्याच्या गच्चीवर मी फिल्टर धुतला. दुपारी आम्हाला साताऱ्याला लग्नाला निघायचं होतं. गाडीत आप्पा, वहिनी, त्यांचा सहा वर्षांचा पोरगा आणि मी. मागे अहेराची पातेली. अकरा वाजले तरी फिल्टर ओलसर होता. वहिनींनी दोनदा हाक मारली. मी म्हटलं, झालंच. थोडा ओला होता तसाच तेल मारलं. आणि नीट पसरत नाहीये असं वाटलं म्हणून अजून मारलं. मग अजून थोडं. मनात काय होतं सांगू? धूळ जास्त आहे ना, मग तेल जास्त असलेलं बरं. फोडणीचा हिशोब लावला मी.

शिरवळपर्यंत काही नाही. खंडाळा गेलं, घाट सुरू झाला. साताऱ्याकडे जाताना तेव्हा चढ आपल्या वाट्याला यायचा, परतीला बोगदा. चढाला इंजिन पूर्ण श्वास घेतं. दुसऱ्या का तिसऱ्या वळणावर गाडी बसायला लागली. आप्पाने चौथ्यावरून तिसरा टाकला. पाय पूर्ण खाली, आणि गाडी म्हणतेय मला जमत नाही. दुसरा. डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला. मागे भरलेला ट्रक, त्याचा हॉर्न, आणि कडेला घ्यायला जागा नाही. ट्रकवाल्याची चूक नव्हती हो, चढावर त्याने थांबवला तर त्याला पुन्हा उचलणं मुश्कील. मागच्या सीटवर सगळे गप्प. पोरगा तेवढा विचारत होता, "बाबा, ट्रक इतका जवळ का आलाय?" आप्पाच्या मानेवरचा घाम मला मागून दिसत होता. पुढे थोडी रुंद जागा मिळाली तिथे गाडी कशीबशी घेतली. तो ट्रक आमच्या शेजारून गेला तेव्हा पातेली वाजली, एवढं आठवतंय.

रांगत रांगत, दुसऱ्या गिअरवर, साताऱ्याला एका गॅरेजमध्ये पोचलो. मिस्त्री वयस्क होते. त्यांनी फिल्टरचा डबा उघडला, माझ्याकडे बघितलं, आणि काहीही न बोलता डब्याच्या पुढच्या पाइपमध्ये, म्हणजे जिथे फक्त स्वच्छ हवा असायला हवी तिथे, बोट फिरवलं. बोट बाहेर आलं ते तेलकट आणि तपकिरी. मग म्हणाले, "फिल्टर वाईट नाय. तेल कुणी पाजलं एवढं?"

आप्पाने माझं नाव सांगितलं नाही. मीच सांगितलं.

१३:३०

झालं काय होतं? फिल्टरच्या लगेच पुढे अनेक गाड्यांमध्ये हवा मोजणारा एक सेन्सर असतो, मास एअर फ्लो, गॅरेजमध्ये त्याला मॅफ म्हणतात. त्यात एक बारीक तार किंवा पातळ पापुद्रा गरम ठेवलेला असतो. हवा वाहिली की तो थंड होतो. किती थंड झाला त्यावरून कॉम्प्युटरला कळतं किती हवा आली. त्या तारेवर तेल बसलं, तेलावर धूळ बसली, की तिला गोधडी पांघरल्यासारखं होतं. हवा भरपूर येतेय, पण तार थंड होत नाही. कॉम्प्युटरला वाटतं हवाच नाही. डिझेल गाडीत तो मग काळा धूर नको म्हणून डिझेल कमी करतो. घाटात आमचं तेच झालं. जास्त हवेसाठी टाकलेल्या फिल्टरने गाडीला पटवून दिलं की हवा नाहीच आहे.

मिस्त्रींनी सेन्सर काढून खास त्याच्यासाठीचा स्प्रे मारला, वाळू दिला, बसवला. गाडी पूर्ववत. इथे एक सूचना, घरी कुणी करणार असाल तर त्या तारेला बोट, कापूस, ब्रश काहीही लावायचं नाही, आणि कार्ब्युरेटर क्लीनर मारायचा नाही. तो सेन्सर नवा घ्यायचा म्हणजे फिल्टरच्या किमतीला हसू येईल.

तेलाचे फिल्टर बनवणारे म्हणतात की तेल सांगितलं तेवढंच लावलं तर सेन्सरला काही होत नाही. माझ्या मते ते बरोबर बोलतायत. पहिलं वर्षभर, कारखान्यातून आलेलं तेल होतं तोवर, आप्पाच्या गाडीला काही झालं नाही. बिघडला तो मी हात लावल्यावर. आणि माझा मुद्दा नेमका तोच आहे. तेलाचा फिल्टर विकत घेता तेव्हा तुम्ही अर्धीच वस्तू घेता. उरलेली अर्धी म्हणजे धुणाऱ्याचा हात. कमी तेल लावलं तर कोरड्या पडलेल्या सुती गॉजमधून बारीक धूळ सरळ आत, आणि ते तुम्हाला कळणारही नाही, कारण कमी तेलाला दिवा लागत नाही. गाडी उलट छान पळेल. जास्त लावलं तर आमचा घाट.

बरोबर कसं करतात ते सांगतो, म्हणजे स्वतःला विचारा की हे आपल्याच्याने होणार आहे का. फिल्टर हलकेच आपटून मोठी धूळ काढायची. त्याचा क्लीनर दोन्ही बाजूंनी मारून दहा मिनिटं ठेवायचं, वाळू द्यायचं नाही. मग नळाच्या हलक्या धारेने धुवायचं, आणि धार स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे. उलटं केलं तर धूळ आत ढकलली जाते. झटकायचं आणि सावलीत ठेवून द्यायचं. कॉम्प्रेसर नाही, हेअर ड्रायर नाही, गॅसवर धरणं तर नाहीच, हसू नका, एकाने केलंय. पावसाळ्यात पुण्यात वाळायला रात्र जाते. कोकणात जुलैमध्ये दोन दिवस धरा. पूर्ण वाळला की प्रत्येक घडीच्या माथ्यावर तेलाची एक बारीक रेघ. वीसेक मिनिटं थांबायचं, तेल आपोआप पसरतं. कुठे फिकट राहिलं तरच तिथे थोडंसं. मी वीस मिनिटं थांबलो नव्हतो. थांबलो असतो तर 'पसरत नाहीये' असं वाटलंच नसतं.

आणि मघाशी म्हटलं ना, नवा आणि स्वच्छ फिल्टर सगळ्यात कमी गाळतो? म्हणून उठसूट धुवायचंही नाही. दर दोन महिन्यांनी फिल्टर चमकवणारे हौशी लोक दर दोन महिन्यांनी इंजिनाला जास्तीची धूळ पाजतात. मळका दिसतो तो काम करतोय.

१६:२०

तर शिक्रापूरच्या मित्रा, तुझं.

तुझी गाडी पेट्रोल आहे. बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत मॅफ नसतो, मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. त्याला गोधडीचा त्रास होत नाही. तुझ्या गाडीत काय आहे ते फिल्टरचा डबा उघडून बघ. डब्याच्या पुढच्या नळीवर वायर लागलेला छोटा खटका दिसला तर विचारून घे, कारण तिथे नुसता तापमानाचा सेन्सरही असू शकतो. पण सेन्सर नसला तरी तुझा रस्ता तोच राहतो. तू मेसेजच्या शेवटी म्हणालास की गाडी सर्व्हिसिंगला देतोस आणि "ते लोकच सगळं बघतात". म्हणजे तुझा तेलाचा फिल्टर कोण धुणार, टायरच्या कॉम्प्रेसरवालाच ना? मग तेलाचा नको. स्पष्ट सांगतो.

पैशांचा हिशोबही घाल. साडेपाच हजारांचा फिल्टर आणि वर धुण्याचं सामान हजाराचं, साडेसहा हजार झाले. कागदी समजा ३५० ला पडतो, तर त्यात अठरा येतात. तुझ्या धुळीत दर १०,००० किलोमीटरला बदललास तरी १,८०,००० किलोमीटर. तोवर तू गाडी विकलेली असशील. तेव्हा माझं पहिलं उत्तर: मूळ कंपनीचा कागदी, वेळेवर बदलायचा, हवा मारू द्यायची नाही. उरलेल्यात टायर बघ. तुझ्या फोटोत पुढचे झिजलेले दिसतायत, आणि त्यांच्यावर साडेपाच हजार गेले तर ब्रेक लावताना तुला फरक जाणवेल.

हौसच असेल, आणि हौसेला मी नावं ठेवत नाही, तर कोरडा घे. मूळ डब्यात बसणारा. बारीक धुळीच्या चाचणीचा आकडा छापलेला. आणि बिल घेऊन, कारण नामांकित फिल्टरचे डुप्लिकेट बाजारात भरपूर आहेत. बसवल्यावर कडेची रबरी पट्टी सगळीकडून घट्ट बसतेय का ते बघ. लोक तेल की कोरडा यावर रात्रभर भांडतात आणि धूळ कडेच्या फटीतून आत जात असते. पंधरा दिवसांनी डबा उघडून पुढच्या नळीत बोट फिरव, साताऱ्याच्या मिस्त्रींनी फिरवलं तसं. बोट स्वच्छ आलं पाहिजे. मातीचा थर आला तर फिल्टर कितीही महाग असो, काढून टाक.

तेलाचा कुणी घ्यावा? ज्याला वर सांगितलेलं धुणं वाचून कंटाळा न येता हात शिवशिवले, त्याने. ज्याच्याकडे धुतलेला वाळेपर्यंत घालायला मूळचा फिल्टर जपून ठेवलेला आहे. जो रॅलीला किंवा ट्रॅकवर गाडी नेतो, इंजिन ट्यून केलंय, खरंच जास्त हवा लागतेय, आणि ऑइल बदलताना त्या जुन्या ऑइलची तपासणी करून घ्यायची ज्याची तयारी आहे. त्या तपासणीत सिलिकॉनचा आकडा वाढलेला दिसला तर समजायचं धूळ आत जातेय. अशा माणसाच्या हातात तेलाचा फिल्टर उत्तम चालतो. मी तसे दोघे बघितलेत. दोघेही लग्नाला निघायच्या सकाळी फिल्टर धूत नाहीत.

आप्पाच्या गाडीत आता कागदी आहे. तेलाचा त्याने परत दिला नाही, मी मागितलाही नाही. परवा त्याच्याकडे गेलो तर पोराने तो खेळण्यातल्या गॅरेजचं छप्पर केला होता. आप्पा म्हणाला, "भावानं दिलाय."

पुढच्या भागात एसीचा केबिन फिल्टर, म्हणजे आपण स्वतः काय श्वासात घेतो ते. तुमच्या गाडीचा शेवटचा कधी बघितला होता ते पाठवा, फोटोसकट. दुर्गंधी पाठवता येत नाही तेच बरं आहे. चला, भेटू.